सँडईलची मासेमारी बंद झाली, तरी किटीवेक का वाढत नाहीत?

मुक्ता_ॲबर्डीन:
जूनमध्ये स्टोनहेवनजवळच्या फाउल्सह्यू कड्यांवर गेले होते. प्रत्येक कपारीत गिलेमॉट नाहीतर किटीवेक हे समुद्रपक्षी, आणि वास असा की जॅकेट धुवावं लागलं. मला ती गर्दीच वाटली. शेजारी दुर्बीण लावून बसलेले स्कॉटिश आजोबा मात्र म्हणाले, हे उरलेसुरले आहेत, बाकीचे त्यांचं खाणं असलेला सँडईल मासा पकडणाऱ्या बोटींनी उपाशी मारले. घरी हे सांगितलं तर नवरा म्हणतो, ब्रिटनच्या बंदीमुळे बोटी २०२४ पासून बंद आहेत, मग पक्षी का वाढले नाहीत? त्याच्या मते खरं कारण समुद्र तापणं, बंदी नुसता देखावा. बोटभर माशावरून आमच्याकडे दोन दिवस वाद चाललाय. कुणाला नीट माहिती आहे का?

वेंगुर्लेकर_लीथ:
मुक्ताताई, आधी किटीवेक जेवतो कसा ते बघा. तो खोल बुडी मारणारा पक्षी नव्हे. पाण्याच्या वरच्या थरात, फार तर हातभर खाली, जे मिळेल ते उचलतो. शेजारच्या कपारीतला गिलेमॉट शंभर मीटरही खाली जाऊ शकतो. त्यामुळे मासा कमी झाला की पहिला फटका किटीवेकला.

सँडईल वर्षातला बराच काळ वाळूत पुरून घेऊन असतो. वसंतात बाहेर येतो, कॅलॅनस नावाचे तांदळाच्या कणीएवढे जीव खातो आणि चरबी साठवतो. थंड पाण्यातला कॅलॅनस चरबीने भरलेला, आणि नेमका वसंतात भरपूर. पाणी तापलं तसा तो उत्तरेकडे हटला. त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या जातीला बहर येतो उन्हाळा सरता सरता, म्हणजे सँडईलची वेळ टळून गेल्यावर. हिवाळा उबदार गेला तर वाळूत पडल्या पडल्याही माशाची चरबी लवकर संपते. इथवर तुमचे यजमान बरोबर.

पण याच माशावर मुख्यतः डेन्मार्कच्या बोटी होत्या. ताटात वाढायला नव्हे, फिशमील म्हणजे माशांची पूड आणि तेल यांसाठी. १९९०च्या दशकाच्या शेवटी उत्तर समुद्रातून वर्षाला १० लाख टनांच्या आसपास सँडईल निघत होता. २००३ साली पकड कोसळली.

आता स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचं आइल ऑफ मे. मी या बेटावर स्वयंसेवक म्हणून घरटी मोजायला जातो, म्हणून थोडं लांबण लावतो. बेटाजवळच्या वी बँकी या समुद्रातल्या वाळूच्या उंचवट्यावर १९९० साली ही मासेमारी सुरू झाली आणि २००० साली बंद केली गेली. बेटावर पक्ष्यांच्या नोंदी त्याआधीपासून होत्या, त्यामुळे आधी, मध्ये आणि नंतर अशी तुलना आयतीच मिळाली. मासेमारी चालू असताना किटीवेकची पिल्लं कमी जगली, मोठे पक्षीही जास्त मेले. उबदार हिवाळ्यांचा वेगळा फटका दिसला, तो मासेमारीवर ढकलता येत नाही. बंदीनंतर किटीवेकची पिल्लं सावरली. गिलेमॉट आणि पफिन या पक्ष्यांमध्ये मात्र ठळक फरक दिसला नाही, हे आजोबांना जरूर सांगा.

आणि २००४. जवळ बोट नाही, तरी गिलेमॉटची पिल्लं उपाशी. आईबाप मासे आणत होते, पण त्या माशांत दमच नव्हता, चरबी नावाला. गिलेमॉट एका फेरीत एकच मासा आणतो, तो पोकळ निघाला की फेरी फुकट. त्याच सुमारास स्नेक पाइपफिश वाढले. हाडकुळा, कडक मासा, पिल्लांच्या घशात अडकायचा. मेलेल्या पिल्लांशेजारी तसेच पडलेले असायचे.

रापणकार_मालवण:
माका एक सांगा, डेन्मार्काच्या खलाशांचा पोट तेच्यावरच ना? बंदी घालूक सोपी, खावचा काय ता कोण सांगतलो? आमी जून-जुलैची बंदी पाळतंव, पर्ससीनवाले खय पाळतत? तारले येवचे बंद झाले काय रापणीर कुरवय येनत नाय, ता खरा आसा.

वेंगुर्लेकर_लीथ:
दादानू, तुमचा मुद्दा लवादापुढेही गेला. ब्रिटनच्या बंदीला युरोपीय संघाने आव्हान दिलं होतं. २०२५च्या निकालात बंदीचा शास्त्रीय आधार टिकला. पण इंग्लंडच्या हद्दीतली बंदी ठरवताना तिथे मासेमारीचा हक्क असलेल्यांचा विचार नीट तोलला नाही, असा ठपका आला. स्कॉटलंडच्या बंदीवर तो नाही. माझं मत बंदीच्या बाजूने, पण तो ठपका मला पटतो.

ताई, पक्षी का वाढले नाहीत, तर किटीवेक अंडी घालायला लागतो साधारण चौथ्या वर्षी, आणि घालतो साधारण दोनच. २०२४ला वाचलेलं पिल्लू अजून कड्यावर जागा धरायला आलेलं नाही. त्यातच २०२३मध्ये बर्ड फ्लूने मोठे पक्षी मारले. ब्रिटनमध्ये दोन गणनांच्या मधल्या वीसेक वर्षांत किटीवेक ४० टक्क्यांहून जास्त घटले, ते दोन हंगामांत कुठून भरून येणार? समुद्राचं तापमान कुठलं एक सरकार उतरवू शकत नाही. बोटी थांबवता येतात, म्हणून तिथून सुरुवात.

मुक्ता_ॲबर्डीन:
धन्यवाद! नवऱ्याला वाचायला दिलंय, तो फक्त पहिला अर्धा भाग मोठ्याने वाचतोय. आइल ऑफ मेला जायचं कसं?

वेंगुर्लेकर_लीथ:
अँस्ट्रदरहून बोट सुटते. पफिन बघायचे तर जुलै संपायच्या आत जा, नंतर त्यांची घरट्याची बिळं रिकामी. आणि टोपी घाला, धक्क्यापाशी सुरय पक्षी डोक्यावर चोच मारतात. यजमानांना पुढे चालू द्या.