१७ इंची चाकांवरची हलकी गाडी: शहाणपण की खाज?

तेराचा पाना

मुद्दा आधी सांगतो, शिव्या नंतर खाईन. पुण्यात राहून शनिवार-रविवारी घाटात जाणाऱ्या माणसाला १६० किलोच्या वरची आणि वीस घोड्यांच्या (हॉर्सपॉवरच्या) वरची मोटारसायकल लागत नाही. लागते असं त्याला वाटतं.

२०२२ मध्ये मी हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही घेतली. १९९.६ सीसी, १९ घोडे, १५८ किलो. दोन वर्षं ती मूळ चाकांवर, म्हणजे पुढे २१ आणि मागे १८ इंची, मुळशीच्या मागच्या कच्च्या रस्त्यांवर हाणली. मग एक दिवस प्रामाणिकपणे हिशेब केला तर कळलं की गाडीचं बहुतेक आयुष्य डांबरावरच जातंय. चिखलाचे टायर घालून मी रोज कर्वे रोडच्या सिग्नलला उभा. मूळ हबलाच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, १७ च्या रिमा नव्या स्पोकनी बांधून घेतल्या. पुढे ११०/७०, मागे १३०/७० (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत), दोन्ही डांबरी टायर.

ह्याला सुपरमोटो म्हणतात. अंगकाठी मातीतल्या गाडीची, पाय रस्त्यावरच्या गाडीचे. उगम कॅलिफोर्नियातला. १९७९ साली कार्ल्सबाडच्या ट्रॅकवर टीव्हीसाठी एक शर्यत भरवली, थोडं डांबर, थोडी माती. डांबरावरचा रेसर भारी की मातीतला, हा वाद एकदाचा मिटवायला. वाद मिटला नाही, गाडीचा नवा प्रकार मात्र जन्माला आला. अमेरिकेत १९८५ नंतर तो कार्यक्रम थांबला आणि फ्रेंचांनी खेळ उचलून धरला.

चालवायला कशी? हँडल रुंद आणि उंच, कोपरं बाहेर, टाकी एवढीशी. वळणावर आपण सरळ बसायचं आणि गाडी अंगाखाली ढकलायची. ताम्हिणीत ६० ला मला जी मजा येते ती माझ्या मित्राला त्याच्या दोनशे किलोच्या साडेसहाशे सीसीवर ११० ला येते. आणि ११० ला ताम्हिणीत समोरून एसटी येते.

बोला आता.

हायवेवाला

तुमची ६० ची मजा घाटात. घाटापर्यंत जाणार कसे? मी महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर करतो, एका बाजूला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. एकोणीस घोड्यांवर ९० ला इंजिन किंचाळतंय, शेजारून सोळा चाकी ट्रक गेला की वाऱ्याच्या झोताने गाडी लेन बदलते, वर ती सीट, म्हणजे पाटावर बसल्यासारखं. साताऱ्याला उतरलात की पहिली पाच मिनिटं माणूस चालत नाही, सरपटतो. हलकेपणा हा शहरातला गुण आहे. महामार्गावर वजन म्हणजे स्थैर्य.

तेराचा पाना

कोणता महामार्ग? मुंबई-पुणे द्रुतगतीवर आपल्याला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवर बंदी. सरकारने ज्या रस्त्यांवर वेग ठेवला तिथून दुचाकीला हाकलून लावलं आहे. उरले घाट, तालुक्याचे रस्ते आणि तुमचा कोल्हापूरचा रस्ता. त्या एका रस्त्यासाठी बाकी सगळीकडे धूड ओढत फिरायचं?

सीटबद्दल मात्र बरोबर बोललात. दीड तासाला चहा लागतो. मी तो सोय म्हणून सांगतो.

हिशेबनीस

मला मजेत रस नाही, भूमितीत आहे. तुम्ही चाकं बदललीत, पण चाकांबरोबर काय काय बदललं ते पाहू.

मूळ पुढचा टायर ९०/९०-२१, बाहेरचा व्यास सुमारे ६९५ मिमी. तुमच्या ११०/७०-१७ चा सुमारे ५८६. म्हणजे पुढचा आस ५५ मिमी खाली आला. मागे १२०/८०-१८ चे ६४९ होते, १३०/७०-१७ चे ६१४ झाले, मागून फक्त १८ मिमी खाली. चाकांमधलं अंतर १,४१० मिमी धरलं तर सगळी गाडी साधारण दीड अंश पुढे झुकली. पुढचा काटा (फोर्क) तेवढा उभा झाला आणि चाकाची त्रिज्या कमी झाल्यामुळे ट्रेल, म्हणजे हँडलचा आस वाढवला तर जमिनीला जिथे लागेल तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, त्याहूनही कमी झाला. घाटात गाडी पटकन वळते असं तुम्हाला वाटतं ते ह्यामुळेच, टायरमुळे थोडं. आणि हायवेवाल्यांचा ट्रक शेजारून गेला की हँडल थरथरेल तेही ह्याचमुळे. एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

दुसरं, ज्या गाडीचं मीटर पुढच्या चाकाकडून वेग घेतं तिथे ६९५ भागिले ५८६ म्हणजे जवळजवळ १९ टक्के फुगवटा. मीटरवर १०० तेव्हा खरे ८४. किलोमीटरही तसेच जास्त चढणार, गाडी विकताना आठवेल. तुमचं ते '६० ची मजा' मीटरवरचं की खरं?

फायदाही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी. पुढचं चाक लहान झालं की त्याच डिस्कचा त्याच दाबाला रस्त्यावरचा ब्रेक तेवढाच, म्हणजे १८-१९ टक्क्यांनी जोरदार लागतो. आणि सीट ८२५ ची दोन-तीन सेंटिमीटर खाली आली.

तेराचा पाना

हिशेबनीस, साष्टांग. वेग जीपीएसवरचा आहे, पहिल्याच दिवशी लावला. मेकॅनिकने फक्त ‘आता गाडी कशी मस्त बसली बघा’ एवढंच सांगितलं होतं. ते दोन-तीन सेंटिमीटर मात्र मला दोन वर्षांत मिळालेलं सगळ्यात मोठं सुख. माझी उंची पाच फूट पाच. आधी सिग्नलला एक पाय फुटपाथवर टेकवायला मिळावा म्हणून डावी लेन पकडायचो.

आरेक्स आजोबा

मजा वाटते. हलकी गाडी म्हणजे तुम्ही शोध लावल्यासारखं बोलताय. १९८५ ते ९६ यामाहाची आरएक्स १०० निघत होती, शंभर किलोच्या आसपास, ११ घोडे. दोन बोटांनी उचलून स्टँडला लागायची. दिवे घाटात बुलेटवाले मागे राहायचे. तेव्हा कोणतं फ्रेंच नाव लागत नव्हतं.

रिम बदलायची वेळ आमच्यावर एकदाच आली, खड्ड्यात वाकली तेव्हा.

हायवेवाला

आजोबांनी खड्ड्याचा विषय काढलाच आहे तर: २१ चं चाक खड्ड्यावरून जातं, १७ चं खड्ड्यात जातं. पुण्यात हे कोणाला समजावून सांगावं लागू नये.

तेराचा पाना

पुढे १९० आणि मागे १७० मिमीचं सस्पेन्शन आहे. खड्ड्यात जातं खरं, पण कण्याला कळत नाही. साध्या कम्यूटर गाड्यांनाही १७-१८ चंच चाक असतं आणि सस्पेन्शन ह्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. ते कोणाला खुपत नाही.

पंक्चर मात्र त्रासदायक आहे, कबूल. स्पोकची रिम म्हणजे ट्यूब आली. सासवडच्या पुढे एकदा दुपारी तीन वाजता चाक काढून बसलो होतो, शेजारी एक म्हैस.

काळा कोट

इथे सगळे चवीने बोलताहेत, कायद्याचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळं होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. बेकायदा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' हा शब्द वाचा. दोन चाकं म्हणजे दोन बदल की एक, हा वाद मी आनंदाने लढेन, पण फी घेऊन.

सायलेन्सर बदलला असेल तर प्रकरण वेगळंच, कलम १९०(२), पहिल्या वेळेला १० हजारांपर्यंत आणि परवाना तीन महिने बाजूला.

तेराचा पाना

सायलेन्सर मूळचाच आहे, त्या फटफटीचा मलाही राग येतो. पण कोटसाहेब, माझ्या आरसीवर टायरची मापं लिहिलेलीच नाहीत. मग तफावत कशाशी?

काळा कोट

हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर छान चालतो. तपशील उत्पादकाचा पाहिला जातो, तुमच्या कार्डावर छापलेल्या चार ओळी नाही. आणि हवालदार अडवेल ही तुमची खरी अडचण नाहीच, त्याला तुमची रिम ओळखूही येणार नाही. अडचण अपघातानंतर सुरू होते. माझ्याकडे एक मुलगा आला होता. गाडी वेगळी, बदल असाच. पावसात समोर कुत्रं आलं, गाडी घसरली, कॉलरबोन गेलं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने फोटो काढले आणि पत्र आलं: वाहनात न कळवलेले बदल, स्वतःच्या नुकसानीचा दावा नामंजूर. कुत्र्यामुळे पडला होता, रिमेमुळे नाही. ते सिद्ध करायला मला चौदा महिने लागले, आणि तेही अर्धंच झालं.

हलकी गाडी चालवा, हौसेने चालवा. कारखान्यातून तशी आलेली चालवा, एवढंच म्हणणं आहे.

निशिकसाईकर

तोक्योहून लिहितोय. इथे ह्या प्रकाराला 'मोटार्ड' म्हणतात आणि तो कारखान्यातूनच येतो. यामाहाने २००७ मध्ये एकच अडीचशे सीसीची गाडी दोन रूपांत काढली: डब्ल्यूआर२५०आर मातीसाठी आणि डब्ल्यूआर२५०एक्स, १७ च्या चाकांवर, डांबरासाठी. माझ्याकडे जुनी एक्स आहे. १३५ किलोच्या आसपास, ३१ घोडे.

सगळ्यांना थोडं थोडं खोटं पाडतो.

हायवेवाले: इथे १२५ च्या वरची गाडी एक्सप्रेसवेवर नेता येते. मी नेली आहे. १०० ला चालते, तक्रार करत नाही. तक्रार माझी पाठ करते. टाकी ७.६ लिटरची, त्यामुळे दर दीडशे किलोमीटरला पंप शोधायचा. तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण कारण वजन नाही, सीट आणि टाकी आहे.

पाना: यामाहाने एक्स काढताना नुसती चाकं बदलली नाहीत. पुढची ब्रेकची डिस्क २५० मिमीची २९८ केली, सस्पेन्शनही डांबराच्या हिशेबाने बसवलं. तुमच्या हिशेबनीसांनी जो दीड अंश काढला आहे तो कारखान्यात कोणीतरी पगार घेऊन आधीच काढलेला असतो. तुम्ही मेकॅनिकच्या 'मस्त बसली बघा'वर चालवताय.

कोटसाहेब: लोकांच्या हातात हलकी गाडी पडावी म्हणून कायदाही मदत करू शकतो. इथे २५० च्या वरच्या गाडीला दर दोन वर्षांनी खर्चिक तपासणी असते, २५० पर्यंतच्या गाडीला नाही. त्यामुळे अडीचशेत इतके प्रकार निघाले. आपल्याकडेही सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के जीएसटी झाला आहे. परिणाम दिसेल, थांबा जरा.

मागची सीट

इतका वेळ वाचतेय, एकाही पुरुषाने मागे कोण बसणार हे विचारलेलं नाही. नाव ह्यासाठीच घेतलं.

आमच्याकडेही अशीच एक आहे. मागची सीट म्हणजे जेमतेम वीतभर रुंद फळी. बसायला पाय एवढा वर टाकावा लागतो की साडी सोडा, पंजाबी ड्रेसवरही मी आधी आजूबाजूला बघते. 'घाटात मजा येते' हे वाक्य पुढच्या सीटवरचं आहे. मागून फक्त हेल्मेट दिसतं आणि ब्रेक लागला की आपण त्यावर आपटतो. ह्यांना एकदा मागे बसवून मी सिंहगडावर नेलं, मला चालवता येते. खाली उतरल्यावर म्हणाले, सीटला फोम घालून घेऊ.

घातला नाही अजून. दोन वर्षं झाली.

तेराचा पाना

ताई, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. घरी ॲक्टिव्हा आहे, दोघं जायचं तर तीच काढतो. ही गाडी एकट्या माणसाची आहे. ते मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

हायवेवाला

म्हणजे बघा: दूर जायचं तर नाही, दोघांनी जायचं तर नाही, विमा मिळेल का सांगता येत नाही, दर दीड तासाला उतरायचं. आणि वर म्हणता ह्याच्यापेक्षा मोठी लागत नाही!

तेराचा पाना

हो. तुमची गाडी सगळं करते आणि महिन्यातून दोनदा बाहेर पडते. माझी एकच काम करते, पण रविवारी सहाला निघून दहाला पोह्यांना घरी असतो, असं वर्षातले चाळीस रविवार. पेट्रोलचा अन् मिरच्यांचा वास, दोन्ही एकदम.

एक गोष्ट मात्र आज फिरली. कोटसाहेबांचा तो मुलगा डोक्यातून जात नाहीये. विमा कंपनीला आधी लेखी कळवतो, बघू काय म्हणतात. नाही म्हणाले तर निशिकसाईकर म्हणतात तशी, कारखान्यातून आलेली शोधतो. आणि ट्रॅकचं कोणी विचारलं नाही, पण कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे. सुपरमोटो मुळात तसल्याच आखूड, वळणदार ट्रॅकवरचा खेळ. तिथे ही चाकं न्यायला हरकत नसावी.

आरेक्स आजोबा

कोल्हापूर? म्हणजे हायवेवाल्यांच्या रस्त्यानेच जाणार की. टेम्पोतून न्या.

हिशेबनीस

टेम्पोत टाकायला १५८ किलो जडच. आरएक्स असती तर दोघांनी उचलली असती.

एक विचारायचं राहिलं. त्या मूळ २१-१८ च्या रिमा विकणार आहात का? माझ्या भाच्याला हव्या आहेत, त्याची पुढची रिम खोपोलीजवळ वाकली.

तेराचा पाना

नाही हो. माळ्यावर आहेत, जुन्या चादरीत गुंडाळून. दर दोन महिन्यांनी खाली काढून रिमेला तेलाचा बोळा फिरवतो.