काप्पोत्तो (भिंतीला बाहेरून चढवलेला इन्सुलेशनचा थर), शटरची पेटी आणि गवंड्याचं शिक्षण (दक्षिण इटलीपुरतं बोलू)

ओळंबा:
परवा दगडी_वाडा यांनी लिहिलं, ‘सिसिली-पुलियातल्या घरांना बाहेरून थर्माकोल चिकटवणं म्हणजे ऑगस्टात स्वेटर घालणं. जाड भिंत पुरते, वरून चुना मारा. गवंड्यांच्या कोर्सवर पैसे कशाला घालवता?’ वाचून गप्प बसवलं नाही.

जाड भिंत आहे कुठे? पालेर्मो, बारी, रोम कुठेही जा, लोक मोठ्या संख्येने राहतात ते युद्धानंतरच्या इमारतींत. काँक्रीटचा सांगाडा, मध्ये पोकळ विटांचे दोन पडदे आणि त्यांच्यात रिकामी फट. अशा भिंतीचं यू-मूल्य (एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते; कमी तेवढं चांगलं) १.१च्या आसपास. बाहेरून १० सेंमी ग्रॅफाइटवाला थर्माकोल (वाहकता ०.०३१) लावला की ते ०.२४वर येतं. तुमच्या लाडक्या दगडाचंही सांगतो: ५० सेंमी चुनखडीची भिंत, वाहकता १.५ धरा, यू-मूल्य २ निघतं. दगड उष्णता उशिरा आत सोडतो, अडवत नाही.

कोर्सचं म्हणाल तर मे २०२०मध्ये इटलीच्या सरकारची सुपरबोनस योजना आली. तेव्हा खर्चाच्या ११० टक्के करसवलत होती, मुख्य अट ही की घर ऊर्जेच्या दोन श्रेणी वर गेलं पाहिजे. पुढे २०२३पासून या योजनेतल्या ५,१६,००० युरोंवरच्या कामांना पात्रतेचा दाखला सक्तीचा झाला, पण तो कंपनीचा. थापी धरणाऱ्या हाताचं काय? काप्पोत्तो बसवणाऱ्यांच्या पात्रतेचं यूएनआय (इटलीची मानक संस्था) ११७१६ हे मानक २०१८पासून आहे, तेही ऐच्छिक. साइटवर नव्याने येणाऱ्याला १६ तासांचं शिक्षण मिळतं, त्यात भर सुरक्षेवर. तो हवाच, पण त्यातून पॅनल चिकटवणं येत नाही.

दगडी_वाडा:
आकडे मलाही येतात. पालेर्मोचे हीटिंग डिग्री-डे (वर्षभरात घर किती गरम करावं लागतं त्याचं माप) ७५१, रोमचे १४१५, मिलानचे २४०४. मिलानच्या निम्म्यानेही थंडी नसलेल्या गावात भिंतीवर इतका खर्च कधी वसूल होणार? तिथला खरा शत्रू उन्हाळा आहे. खुद्द इटलीचा २०१५चा नियम उत्तरेकडच्या भिंती सोडून बाकीच्यांना वजनाचा पर्याय देतो: चौरस मीटरला २३० किलोंहून जास्त वस्तुमान, नाहीतर नियतकालिक यू-मूल्य (दिवस-रात्रीच्या तापमानाचा चढउतार भिंतीतून किती आत येतो त्याचं माप) ०.१०च्या खाली. म्हणजे वजनाचं महत्त्व मी एकटा सांगत नाही.

आधी छत करा. काळ्या डांबरी थराचं छत जुलैत साठ अंशांच्या वर तापतं. तिथे १० सेंमी इन्सुलेशन आणि वर पांढरा थर दिला तर वरच्या मजल्याला जो आराम मिळेल तो चारी भिंती गुंडाळून मिळणार नाही. आणि रात्री खिडक्या उघडा. बाहेरून गुंडाळलेल्या घरात काचेतून आलेली उष्णता कोंडून बसते, हे तुम्ही सोयीने विसरता.

ओळंबा:
छत आधी, मान्य. यावर माझं भांडण नव्हतंच.

पण नियम अर्धा वाचलात. बाहेरून १० सेंमी लावल्यावर पोकळ विटांची भिंतही सहसा ०.१०च्या खाली जाते, कारण वजन इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला राहतं. आतून लावाल तर हा फायदा गेला. ऊन काचेतून येतं ते बाहेरच्या झडपांनी थांबवायचं, भिंत उघडी ठेवून नाही. आणि ऑगस्टात पालेर्मोच्या किनाऱ्यावर रात्रीही पारा विशीच्या खाली येत नाही, तिथे खिडक्या उघडून किती गार होणार? अल्तामुरासारख्या आतल्या पठारावर तुमचं म्हणणं जास्त लागू पडेल.

थापीवाला:
दोघेही कागदावर भांडताय. काम बिघडतं ते थापीवर.

पॅनलच्या पाठीवर गोंदाचे पाच-सहा ठिपके दिले आणि दाबलं, हे चुकीचं. ठिपक्यांच्या मधून हवा खालून वर फिरते, पॅनल कडेला वाकतो आणि वर्षभरात तिरप्या उन्हात सगळे सांधे बुद्धिबळाच्या पटासारखे दिसतात. कडेने सलग पट्टा, मध्ये तीन ठिपके, आणि दाबल्यावर निदान ४० टक्के भाग चिकटलेला हवा. खात्री करायची तर ताजा पॅनल उपटून पाठ बघायची. डॉवेल (पॅनल भिंतीला धरणारे खिळे) गोंद वाळल्यावरच, तेही साधारण सहा दर चौरस मीटरला. ओल्या गोंदात ठोकले तर पॅनल आत ओढला जातो. वरच्या थरातल्या काचतंतूंच्या जाळीचा सांधा १० सेंमी एकमेकांवर. खिडकीच्या प्रत्येक कोपऱ्याला तिरपा जाळीचा तुकडा आधी, मुख्य जाळी नंतर. तो विसरला की कोपऱ्यातून ४५ अंशांत भेग ठरलेली.

दक्षिणेत वेगळं शिकवावं लागतं ते उन्हाचं. उत्तरेकडच्या पुस्तकात ५ अंशांखाली काम करू नका हे ठळक असतं. इथे वरची मर्यादा महत्त्वाची, ३० अंश. जुलैत दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर जाळीचा थर दिला तर सिमेंटला पाणी मिळण्याआधीच ते उडतं. दुसऱ्या दिवशी नखाने खरवडलं की पांढरी भुकटी पडते. परांचीला सावलीची जाळी बांधा, सकाळी पश्चिमेची भिंत घ्या, दुपारी पूर्वेची. आणि गडद रंग नको. रंगाचं प्रकाश-परावर्तन २५ टक्क्यांच्या खाली गेलं की थर तापून ताणला जातो.

खिडकीकार:
भिंतीवर इतकं बोललात, शटरच्या पेटीचं एकानेही नाव घेतलं नाही. खिडकीवर गुंडाळ्या शटरची ती लाकडी पेटी. मागे पातळ प्लायवूड, आत मोकळी हवा, आणि शटर ओढायचा पट्टा जातो तिथे उघडी फट. इन्सुलेशन नसलेल्या पेटीसाठी इटालियन मानकात यू-मूल्य ६ धरतात. १.२ मीटर रुंद, ३० सेंमी उंच पेटी म्हणजे ०.३६ चौरस मीटर, म्हणजे प्रत्येक अंशाला २.१६ वॅट. ओळंबांच्या ०.२४च्या भिंतीतून इतकी गळती व्हायला ९ चौरस मीटर लागतात. एका खिडकीमागे नऊ! वारा असलेल्या दिवशी पट्ट्याच्या फटीशी उदबत्ती धरा, धूर आडवा होतो.

उष्मांक:
आकडा बरोबर, उपाय तितका सोपा नाही. पेटीत जागा असतेच असं नाही. शटर पूर्ण वर गुंडाळल्यावर भोवती दीड-दोन सेंटीमीटर उरतात. तिथे जाड पॅनल कोंबला की शटरच्या फळ्या अडकतात, आणि मग घरमालक चिडून तो उपटून टाकतो.

खिडकीकार:
म्हणून मोजूनच घ्यायचं. शटर पूर्ण वर असताना गुंडाळीचा व्यास घ्या, अर्धं वर असताना नाही. मागच्या आणि वरच्या बाजूला १० ते २० मिमी लवचीक शीट, झाकणाला आतून जाड पॅनल आणि चहूबाजूंनी रबर, पट्ट्याच्या फटीला ब्रश. हे कोण करतो विचाराल तर कोणीच नाही. गवंडी म्हणतो खिडकीवाल्याचं, खिडकीवाला म्हणतो शटरवाल्याचं. खिडकी बसवण्यासाठी यूएनआय ११६७३ आहे, गवंड्यासाठी ११७१६, आणि पेटी दोघांच्या मध्ये पडते. प्रशिक्षण वेगवेगळ्या वर्गांत देता म्हणूनच हे होतं. एकाच भिंतीच्या नमुन्यावर तिघांना एकत्र उभं करा.

दगडी_वाडा:
हा मुद्दा पटला, नाइलाजाने. पण मग उलटंही माना: पैसे आले की लोक आधी खिडक्या बदलतात. जुन्या खिडकीच्या फटींतून हवा खेळायची, ती बंद. ओलावा आत साठतो आणि काँक्रीटच्या खांबाच्या थंड कोपऱ्यात काळी बुरशी धरते. घर बिघडवायला हे सुधारणेचे पैसेच पुरतात.

ओळंबा:
मानतो. खिडकी एकटी कधीच नको. खांबावरून बाहेरून इन्सुलेशन आलं की तो कोपरा गार राहत नाही, आणि हवा बदलायची सोय वेगळी करावीच लागते. तुम्ही मला विरोध करता करता माझंच म्हणणं मांडलंत.

दगडी_वाडा:
तुमचं नाही. तुम्ही भिंतीपासून सुरुवात केलीत, मी म्हणतो छत, मग पेटी, मग पश्चिमेची भिंत. उरलेल्या भिंती परवडतील तेव्हा.

थापीवाला:
क्रम काहीही ठेवा, खिडकीखालचा संगमरवरी दगड विसरू नका. तो आतून बाहेर सलग असतो. थर्माकोल त्याच्यापाशी थांबवला की सगळी थंडी-उष्णता त्या एका दगडातून येते. चौकटीच्या रेषेत चकतीने कापायचा, मध्ये २-३ सेंमी एक्सपीएसचा (थर्माकोलहून घट्ट फोमचा) तुकडा, बाहेर नवा दगड बाहेरच्या बाजूला उतार देऊन, खाली पाणी तोडणारी खाच. आणि झडपांची बिजागरी थर्माकोलवर स्क्रू करू नका, सहा महिन्यांत झडप खाली लटकते. पॅनल लावतानाच तिथे कठीण पॉलियुरेथेनचा ठोकळा बसवायचा. जागा आधी भिंतीवर खुणून ठेवा, नंतर जाळीखाली तो सापडत नाही.