फोनवर नेट मस्त चालतंय, मिंटवर नाही. फायरवॉलचा घोळ आहे का?

सिडकोकर: मंडळी, घरी फायबर आहे, सगळ्यांचे मोबाईल, टीव्ही झकास चालतात पण माझ्या लिनक्स मिंटच्या (विंडोजऐवजी टाकलेली सिस्टीम) लॅपटॉपवर ब्राउझर नुसता गोल गोल फिरतो. वायफाय कनेक्टेड दिसतं, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पण मिळालाय, १९२.१६८.१.७. पिंग (समोरून उत्तर येतं का बघायची कमांड) ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, केलं की 'ऑपरेशन नॉट परमिटेड', राउटरला पिंग केलं तरी तेच. मामेभाऊ आला होता त्याने सिक्युरिटीसाठी युएफडब्ल्यू (मिंटमधलं फायरवॉल) कडक करून दिलंय, तेव्हापासून हे सुरू. कस्टमर केअरवाला म्हणतो लाइन ओके आहे, विंडोज टाका 😑

पंचवटीवाला: राउटर दहा मिनिटं बंद ठेवून बघ. आमच्याकडे कुठेही रस्ता खोदला की फायबर गेलीच समज.

टर्मिनल_तात्या: अहो बाकी सगळं चालतंय ना त्यांच्या घरात, राउटरने काय घोडं मारलंय! सिडकोकर, तो मेसेज नीट वाचा. लाइन गेली असती तर टाइमआउट नाहीतर अनरीचेबल आलं असतं. 'परमिटेड नाही' म्हणजे पॅकेट तुमच्याच कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) अडवलं, राउटरपर्यंत गेलंच नाही. टर्मिनलमध्ये सुडो युएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज ही कमांड मारा आणि काय येतं ते टाका इथे.

सिडकोकर: डिफॉल्ट: डिनाय इनकमिंग, डिनाय आउटगोइंग, म्हणजे आत येणारं आणि बाहेर जाणारं दोन्ही बंद. खाली ८० आणि ४४३ ला, म्हणजे वेबसाइटच्या पोर्टना (नेटच्या दारांना), अलाउ आउट आहे. मग तात्या, साइट तरी उघडायला पाहिजेत ना?

टर्मिनल_तात्या: कशा उघडतील, ५३ कुठंय? साइटच्या नावाचा आयपी डीएनएसला विचारावा लागतो, तो पोर्ट ५३ वर, बहुतेक युडीपीने आणि उत्तर मोठं असेल तर टीसीपीने. तेच बंद तर ४४३ उघडून काय उपयोग. युएफडब्ल्यूच्या लॉगमध्ये बघा, 'युएफडब्ल्यू ब्लॉक' च्या ओळीत डीपीटी=५३ (पॅकेट ज्या पोर्टकडे निघालं तो) दिसेल. घरच्या लॅपटॉपला आउटगोइंग बंद करायची गरजच नाही माझ्या मते, उद्या मेल चालणार नाही, परवा घड्याळ सिंक होणार नाही, रोज नवीन पोर्ट शोधत बसाल. सुडो युएफडब्ल्यू डिफॉल्ट अलाउ आउटगोइंग करा, इनकमिंग डिनायच राहू द्या.

नाशिकरोड_८६: मी तर म्हणतो फायरवॉलच डिसेबल करा, राउटरच्या मागे नॅट (घरातले सगळे एकाच पब्लिक पत्त्यामागे) असतोच की.

टर्मिनल_तात्या: नॅट आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा हो. आयपीव्ही६ (नवी पद्धत) चालू असेल तर लॅपटॉपला थेट पब्लिक पत्ता मिळतो, मग सगळी भिस्त राउटरच्या फायरवॉलवर, आणि ती चालू आहे की नाही कुणी तपासलंय? शिवाय कॉलेज रोडच्या कॅफेत बसाल तेव्हा तिथलं वायफाय काय तुमच्या घरचं आहे का.

सिडकोकर: चाललं! कमांड मारली आणि लगेच सुरू, थँक्यू तात्या 🙏 आता फक्त केडीई कनेक्टला (फोन आणि लॅपटॉप जोडणारं ॲप) फोन सापडत नाहीये, दोन्ही एकाच वायफायवर आहेत तरी.

टर्मिनल_तात्या: ते इनकमिंगमुळे. १७१४ ते १७६४ पोर्ट उघडा, टीसीपी आणि युडीपी दोन्ही, आणि फक्त १९२.१६८.१.०/२४ कडून, म्हणजे तुमच्या घरच्या नेटवर्ककडून. आणि मामेभावाला लॅपटॉप देऊ नका परत 😄