ऋतूंची वही: दाबलेली फुलं तपकिरी का पडतात?

पानोपानी
ऋतूंची वही ठेवायची आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली, त्या दिवशी एक पान किंवा फूल चिकटवायचं, खाली तारीख आणि दोन ओळी. सध्या फुलं जाड पुस्तकात ठेवून वर विटा ठेवते. अडचणी तीन. पांढऱ्या आणि फिक्या पाकळ्या चार दिवसांत चहाच्या रंगाच्या होतात. शेवंती, गुलाब अशा जाड फुलांना मधोमध बुरशी धरते. आणि जे नीट सुकतं ते गमने चिकटवलं की कागद सुरकुततो. वजन वाढवावं का?

टिपकागद
वजन नका वाढवू, पुस्तक सोडा. पुस्तकाचा कागद, त्यातही चकचकीत, पाणी ओढत नाही आणि मिटल्यावर वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही. फूल तपकिरी पडतं ते चिरलेलं सफरचंद काळं पडतं त्याच कारणाने. पेशी फुटल्या की आतली विकरं (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने काम सुरू करतात. पाणी जितकं लवकर निघेल तितका त्यांना वेळ कमी.

फुलं दाबायचा प्रेस घरीच होतो. साधारण 20 × 30 सेंमीच्या दोन प्लायवूडच्या फळ्या, चार कोपऱ्यांना भोकं, त्यांत लांब बोल्ट आणि हाताने फिरतील असे नट. बोल्ट नको असतील तर दोन पट्टे आवळा. आत थर असे: खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा, टिपकागद, फूल, टिपकागद, पुन्हा पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या नळ्या सगळ्या एकाच दिशेला ठेवा, म्हणजे हवा आरपार जाते. (हा पुठ्ठाच लोक गाळतात आणि मग बुरशीबद्दल विचारतात.) टिपकागदाऐवजी रद्दीचे चार-पाच ताव चालतात, पण शाई लागू नये म्हणून फुलालगत कोरा कागद हवा. नक्षी उठवलेला टिश्यू नको, पाकळीवर तीच नक्षी उमटते.

फूल दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत तोडा. ओलं फूल प्रेसमध्ये घालू नका. पहिला कागद 24 तासांत बदला. तेव्हा पाकळ्या लुळ्या असतात, दुमडलेल्या असतील तर सरळ करायची हीच वेळ. नंतर त्या मोडतात. पुढचे तीन दिवस रोज, मग एक दिवसाआड. पातळ फुलं आठ-दहा दिवसांत होतात, जाड तीन आठवडे घेतात. पारख सोपी आहे: गालाला लावून बघा, गार लागलं तर आत पाणी आहे.

शेवंती अख्खी दाबू नका. धारदार ब्लेडने उभी अर्धी करा, मागचा हिरवा गठ्ठा खरवडून पातळ करा. गुलाबाच्या पाकळ्या सुट्या सुकवून कागदावर पुन्हा मांडायच्या. देठ जाड आणि पाकळी पातळ असेल तर दाब देठावरच पडतो आणि पाकळी सुरकुतते, म्हणून वर फोमचा पातळ तुकडा ठेवा.

पांढऱ्यासाठी इस्त्री वापरा: वाफ बंद, उष्णता सगळ्यात कमी, दोन कोऱ्या कागदांमध्ये फूल. 10-15 सेकंद दाबा, उचला, गार होऊ द्या, पुन्हा. इस्त्री सरकवायची नाही. तरी पांढरं शुभ्र राहील अशी आशा धरू नका, हस्तिदंती झालं तरी बाजी मारली समजा. पिवळा-नारिंगी रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, तो टिकतो. लाल-जांभळे अँथोसायनिन या रंगद्रव्याचे, ते गडद होतात किंवा निळसर झुकतात. हिरव्यातल्या हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून गेला की पान शेवाळी दिसू लागतं, त्याला इलाज नाही. उजेडात सगळेच विटतात. या बाबतीत भिंतीवरच्या चौकटीपेक्षा मिटलेली वही कधीही बरी.

धुण्याचा सोडा
ज्या आठवड्यात काहीच फुललेलं नसेल, त्या आठवड्यासाठी जाळीदार पान. पिंपळासारखं भक्कम शिरांचं, पूर्ण वाढलेलं पान घ्या, कोवळं फाटतं. 1 लिटर पाण्यात साधारण 50 ग्रॅम धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) घालून मंद आचेवर दीड-दोन तास उकळा. पातेलं स्टीलचं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा खातो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. गर बोटाने सुटू लागला की पान पाण्याच्या ताटलीत पसरून मऊ टूथब्रशने मधल्या शिरेकडून कडेकडे झटका. नुसतं घासलं तर जाळी फाटते. गर निघत नसेल तर जोर लावू नका, अर्धा तास परत उकळा. शेवटी धुऊन टिपकागदात दाबा.

निळी छपाई
पांढऱ्या फुलांशी झगडण्यापेक्षा त्यांची सावली छापा. सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उठणारी निळी छपाई. ही पद्धत ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सने तिच्यावर शेवाळांचे ठसे काढायला सुरुवात केली. दोन द्रावणं वेगळी करा: 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. लागेल तेवढंच समप्रमाणात मिसळा, मंद पिवळ्या दिव्यात कागदाला लावा, अंधारात सुकवा. वर फूल, त्यावर काच, आणि कडक उन्हात 5 ते 15 मिनिटं. न झाकलेला भाग करडा-पितळी झाला की नळाखाली धुवा, पाण्यातला पिवळेपणा जाईपर्यंत. निळा रंग दिवसभरात आणखी गडद होतो. फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ नेऊ नका आणि भांडी स्वयंपाकाची वापरू नका.

एक खोच आहे. ‘ॲसिड-फ्री’ कागदात पुष्कळदा चुन्याचा क्षार घातलेला असतो. सुकलेल्या फुलांना तो उत्तम, पण सायनोटाइपचा निळा त्यावर फिका पडत जातो. दोघांना वेगळे कागद ठेवा.

पानोपानी
पन्हाळी पुठ्ठा डोक्यातच आला नव्हता. आता चिकटवण्याचं सांगा. आणि खाली नेमकं काय लिहावं?

टिपकागद
सुरकुत्या गममधल्या पाण्यामुळे पडतात. दातकोरणीच्या टोकाने चार-पाच ठिपके, तेही देठाला आणि मधल्या शिरेलाच. त्याहून चांगलं, वनस्पतिसंग्रहांत वापरतात ती रीत: 3-4 मिमी रुंदीच्या कागदी पट्ट्या देठावरून आडव्या घ्यायच्या आणि फक्त त्यांची टोकं चिकटवायची. सेलोटेप अजिबात नको, पिवळी पडून चिकटा सोडते.

कसर लागू नये म्हणून चिकटवण्याआधी सुकलेला माल प्लास्टिकच्या पिशवीत सील करून आठवडाभर फ्रीझरमध्ये (उणे 18 अंश) ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर दव धरतं आणि सगळी मेहनत ओली.

अंकुर
लिहिण्याबद्दल: दर आठवड्याला नवं झाड शोधू नका, तीन झाडं ठरवून घ्या. नोंद होय-नाही अशी ठेवा: कळी, पहिलं उमललेलं फूल, निम्मी फुलं, फळ, नवी पालवी, पानगळ. ‘काही नाही’ हेही लिहा. रिकामी जागा म्हणजे पाहिलं नाही की काही दिसलं नाही, हे पुढच्या वर्षी कळत नाही. तारीख आणि जागा तोडतानाच चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती फुलासोबत प्रेसमध्ये जाऊ द्या. शाई ओलाव्याने पसरते.

आणि शिवलेली वही घेऊ नका, विसाव्या पानापर्यंत ती फुगून बंद होत नाही. सुटे कागद घ्या आणि कडेला पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी लावून फायलीत ओवा. जाडी मग शिवणीच्या बाजूलाही तेवढीच राहते आणि फुलं दबत नाहीत.