चायनीज डेमॉक्रसी : तुमच्या कानांना काय मिळालं? (अनुभव धागा)

गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या 'चायनीज डेमॉक्रसी' अल्बमचं नाव काढलं की चाहत्यांत अजूनही दोन तट पडतात. २३ नोव्हेंबर २००८ ला तो आला. त्याआधीचे त्यांच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचे अल्बम म्हणजे 'यूज युअर इल्यूजन'चे दोन भाग, १७ सप्टेंबर १९९१ ला एकाच दिवशी आलेले. (१९९३ चा 'द स्पॅगेटी इन्सिडंट?' सगळा इतरांच्या गाण्यांचा, तो मी धरत नाही.) मधल्या सतरा वर्षांत बँडमधून गिटारवाला इझी गेला, गिटारवाला स्लॅश गेला, बेसवाला डफ गेला, ड्रमर मॅट सोरम गेला. इल्यूजनच्या मंडळींपैकी गायक ॲक्सल रोझ आणि कीबोर्डवर डिझी रीड, एवढेच उरले. अल्बम यायला तीन वर्षं बाकी असतानाच, २००५ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने त्यावरच्या खर्चाचा आकडा १ कोटी ३० लाख डॉलर असा छापला होता.

वाट पाहण्याच्या गोष्टी पुष्कळ सांगून झाल्या. मला गाण्यांच्या गोष्टी हव्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: मला हा अल्बम फार आवडतो आणि त्याच्यावर अन्याय झाला असं मी मानते. बऱ्याच जणांनी वरच्या 'गन्स' या नावाशीच भांडण काढलं आणि आत काय वाजतंय ते ऐकलंच नाही. पण नीट ऐकूनही नाराज असलेले लोक आहेत, त्यांची नाराजी खरी आहे, आणि मला ती ऐकायची आहे. तेव्हा 'भारी' किंवा 'भंगार' एवढ्यावर थांबू नका. कुठलं गाणं, त्यातली कुठली जागा, काय वाटलं, ते लिहा.

———

मी नाराज गटातला. 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन'वर वाढलेला.

त्या १९८७ च्या अल्बमवर दोन गिटारी आहेत, एक एका कानात, दुसरी दुसऱ्या कानात. हेडफोनची एक बाजू काढून ऐका. स्लॅशची बाजू एकटीही उभी राहते. इझीची बाजू एकटी ऐकली तर सुटंसुटं, मागे रेललेलं, जवळजवळ आळसावलेलं वाजवणं वाटतं. दोन्ही बाजू कानावर आल्या की गाणं चालायला लागतं. माझ्यासाठी गन्स म्हणजे ही चाल. ॲक्सल तिच्यावर स्वार व्हायचा.

'चायनीज डेमॉक्रसी'त गिटार कोणी वाजवली हे बघायला पुस्तिका उघडावी लागते. बकेटहेड, रॉबिन फिंक, बंबलफूट, रिचर्ड फोर्टस, पॉल टोबायस. कुठला सोलो कुणाचा ते गाण्यागणिक छापलंय. वाजवणारा म्हणून एकेक जण अव्वल, याबद्दल वादच नाही. पण बकेटहेड २००४ मध्ये निघून गेला आणि बंबलफूट आला २००६ मध्ये. हे दोघं एकाच अल्बमवर शेजारी शेजारी ऐकू येतात आणि एकमेकांना उत्तर देत नाहीत, कारण द्यायला समोर कुणी नव्हतंच. 'रियाड अँड द बेडूइन्स' आणि 'स्क्रेप्ड' या दोन गाण्यांत मला हे फार खटकतं. गाणी वाईट नाहीत. त्यांत आपसातलं बोलणं नाही.

नावाशी भांडण काढलं असं धागाकर्तीने लिहिलंय. काढलं, आणि ते रास्त आहे. ॲक्सल रोझ म्हणून हा अल्बम आला असता तर मी वेगळ्या कानांनी ऐकला असता. वर नाव गन्सचं लावलंत तर मी गन्सच शोधणार.

———

माझी ओळख झाली ती 'रॉक बँड २' या वाद्यं वाजवायच्या व्हिडिओ गेममुळे. अल्बम यायच्या आधी, सप्टेंबर २००८ मध्ये, 'शॅक्लर्स रिव्हेंज' त्या गेममध्ये आलं होतं. म्हणजे मी ते ऐकायच्या आधी प्लास्टिकच्या ड्रमवर बडवलं! ॲक्सल कोण, स्लॅश कोण, कुणाचं कुणाशी फाटलं, यातलं काहीच माहीत नव्हतं. गिटार तुकड्यातुकड्यांत कापल्यासारखी येते, आवाज यंत्रातून काढल्यासारखा, आणि मग कोरस येतो तेव्हा सगळं एकदम मोकळं होतं. त्या मोकळ्या होण्यासाठी मी ते गाणं पुन्हा पुन्हा लावायचे.

जुने अल्बम मी नंतर ऐकले. आवडले, पण माझ्यासाठी गन्स अँड रोझेसचा मूळ आवाज 'शॅक्लर्स'चाच. हे जुन्या चाहत्यांना पटत नाही, मला ठाऊक आहे.

———

टायटल ट्रॅक दमदार, 'बेटर' दमदार. बाकी ७१ मिनिटांतली निम्मी मला नको. चौदा गाण्यांची नऊ केली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं.

———

मी लीक, म्हणजे अधिकृतपणे येण्याआधीच फुटलेली गाणी, गोळा करणाऱ्यांपैकी. आमच्यासाठी हा अल्बम २००८ मध्ये आलाच नाही, तो थेंबाथेंबाने आधीच येत राहिला. २००१ च्या जानेवारीत बँडच्या नव्या लाइनअपने ब्राझीलच्या रॉक इन रिओ महोत्सवात 'मॅडागास्कर' आणि तेव्हा 'द ब्लूज' म्हणून ओळखलं जाणारं गाणं वाजवलं, त्याची रेकॉर्डिंग फिरली. 'द ब्लूज'चं पुढे 'स्ट्रीट ऑफ ड्रीम्स' झालं. २००३ मध्ये 'आय.आर.एस.' अमेरिकेत रेडिओवर वाजलं, आणि ती सीडी कार्यक्रमात पोचवणारा होता माइक पियाझा, बेसबॉलचा खेळाडू! २००६ मध्ये डेमोंचा (कच्च्या ध्वनिमुद्रणांचा) एक गठ्ठाच बाहेर आला. २००८ च्या जूनमध्ये जवळजवळ पूर्ण झालेली नऊ गाणी इंटरनेटवर पडली, त्यात टाकणाऱ्याला अटक झाली आणि पुढे शिक्षाही.

आता माझं दुखणं सांगतो. 'कॅचर इन द राय'चा जो डेमो आम्ही ऐकला त्यात क्वीन बँडच्या ब्रायन मेची गिटार होती. त्याचा तो गोल, गाणारा स्वर, एकदा ऐकला की कुणाचा ते सांगावं लागत नाही. गाण्याच्या शेवटाकडे तो आवाज वर चढत जायचा आणि ॲक्सल त्याच्या मागून यायचा. अंतिम अल्बमवर ती गिटार नाही. तिच्या जागी दुसरं वाजवणं आहे, चपळ आहे, अवघड आहे, पण त्या जागेवर मला ते परकं वाटतं. ज्यांनी डेमो ऐकलाच नाही त्यांना हे गाणं पूर्ण वाटतं. आम्हाला त्यात भोक दिसतं.

उलट 'देअर वॉज अ टाइम'चं बघा. डेमोत ते चांगलं होतं, अंतिम रूपात ते प्रचंड आहे. सुरुवातीचा कोरस, मग तारवाद्यं, मग ॲक्सल खालच्या सुरात जवळजवळ बोलत येतो, आणि शेवटाकडचा तो लांबलचक सोलो. इथे त्या सगळ्या वर्षांचं काम ऐकू येतं. एकाच अल्बमने माझ्याकडून एक गाणं काढून घेतलं आणि एक दिलं. मी कुठल्या गटात बसतो ते तुम्हीच ठरवा.

———

ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. हा मुद्दा सहसा कुणी काढत नाही.

त्याच वर्षी, २००८ च्या सप्टेंबरात, मेटॅलिका बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' आला. त्याचीही अशीच हवा होती आणि त्यावरही चाहते फुटले, पण तिथलं भांडण आवाजाच्या पातळीवरून होतं. हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक मिटवून सगळं इतकं चेपून वर नेलं होतं की ड्रमचा प्रत्येक ठोका फाटून येतो. त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' गेमसाठी आलेली आवृत्ती कमी चेपलेली होती. लोकांनी दोन्हींच्या आवाजाचे आलेख शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांनाही दिसला. सीडीचा आलेख म्हणजे विटांची सपाट भिंत, गेमच्या आलेखात ठोक्यांची टोकं शाबूत. पुन्हा मिक्स करून (सगळी वाद्यं नव्याने एकत्र बसवून) द्या म्हणून हजारो सह्यांची याचिका झाली. मास्टरिंग (मिक्सनंतरचा शेवटचा ध्वनिसंस्कार) करणाऱ्या टेड जेन्सनने तर सांगितलं की मिक्स त्याच्या हातात आले तेव्हाच चेपलेले होते.

दोनच महिन्यांनी 'चायनीज डेमॉक्रसी' आला. मास्टरिंग बॉब लुडविगचं. त्याने ॲक्सल आणि सहनिर्माता कॅरॅम कोस्टान्झो यांच्यासमोर कमीजास्त चेपलेल्या तीन आवृत्त्या ठेवल्या. त्या काळी कुणीही सर्वात मोठ्या आवाजाची उचलली असती. या दोघांनी सर्वात कमी चेपलेली निवडली. इतका पैसा आणि इतकी वर्षं घालून झाल्यावर शेवटच्या टप्प्यावर हा निर्णय घ्यायला धाडस लागतं, आणि त्याबद्दल ॲक्सलला कुणी शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. उलट 'आवाज बारीक आहे' म्हणून बोल लावले गेले. बारीक वाटला तर आवाज वाढवा, त्याचसाठी तो बारीक ठेवलाय! टायटल ट्रॅक लावून बघा. सुरुवातीला नुसती कुजबुज, दूरची बोलणी, आणि मग तो गिटारचा रिफ येऊन आदळतो. मेटॅलिकाच्या त्या मास्टरिंगमध्ये ही कुजबुज आणि तो रिफ एकाच उंचीवर बसले असते.

पण मिक्सबद्दल माझी तक्रार आहे. एकाच खोलीत दहा माणसं एकदम बोलायला लागली, तर प्रत्येकाचं म्हणणं शहाणपणाचं असलं तरी तुम्ही बाहेर जाता. 'प्रॉस्टिट्यूट'च्या मधल्या भागात तसं होतं. काय काय आहे तिथे ते मी शोधून काढू शकतो, तेच माझं काम आहे. सामान्य ऐकणाऱ्याने ते का करावं? अल्बम जपून मास्टर केला, पण भरताना हात आवरला नाही. त्यातली वाद्यं अर्धी केली असती तर ती शाबूत ठेवलेली टोकं जास्त जणांना ऐकू आली असती.

———

मी गाते आणि गाणं शिकवते. वर सगळे गिटारीवर बोलताहेत म्हणून लिहावंसं वाटलं.

'धिस आय लव्ह' ऐका. पियानो, आवाज, नंतर तारवाद्यं, आणि मध्ये रॉबिन फिंकचा सोलो, जो मला या अल्बममधला सर्वात सुरेल वाटतो. पण माझं लक्ष आवाजाकडे. ॲक्सल इथे वरच्या पट्टीत आहे आणि ओरडत नाही. स्वर पातळ ठेवून तो लांब धरतो, आणि शब्द संपता संपता त्यात किंचित खरखर येऊ देतो. ही खरखर घशाला इजा न करता आणणं किती कठीण आहे ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. मग 'सॉरी' लावा. तोच माणूस इतका खाली उतरतो की दुसरं कुणी गातंय असं वाटावं. (मागे साथीला रॉक गायक सेबॅस्टियन बाखही आहे.)

मला या अल्बमचा आवाज ॲक्सलच्या आयुष्यातला सर्वात मोठ्या आवाक्याचा वाटतो. 'ॲपेटाइट'मध्ये धार होती, इथे जाण आहे. लाइनअपवरून भांडणाऱ्यांनी एकदा फक्त गाणाऱ्याच्या मागून जाऊन बघावं.

———

धागाकर्ती: वा, हेच हवं होतं. 'मॅडागास्कर'वर कुणी लिहील का? मधले ते चित्रपटांतले संवाद आणि मार्टिन ल्यूथर किंगचं भाषण, मला ती जागा फार मोठी वाटते. माझ्या ओळखीतले दोघं नेमके तिथेच पुढे सरकवतात.

———

मीही सरकवतो. 'सिव्हिल वॉर'च्या सुरुवातीला 'कूल हँड ल्यूक' या चित्रपटातला जो संवाद आहे, तोच इथे पुन्हा येतो. ते ऐकलं की मला 'इल्यूजन'मधलं ते गाणं आठवतं आणि चालू गाणं हातातून निसटतं. शिंगवाद्यांची ती सुरुवात मात्र लाजवाब.

———

मला नेमका तोच धागा आवडतो. तोच संवाद परत आणून ॲक्सल सांगतोय की मी तोच माणूस आहे, तेव्हाचा.

———

बेस वाजवतो. टॉमी स्टिन्सनबद्दल कुणीच काही म्हणालं नाही, म्हणून ही नोंद. 'द रिप्लेसमेंट्स'सारख्या मोकाट बँडमधून आलेला हा माणूस डफच्या जागी उभा राहिला आणि डफची नक्कल त्याने केली नाही. शिवाय 'इफ द वर्ल्ड' जरूर ऐका. नायलॉनच्या तारांची गिटार, खाली संथ, डोलणारा ठेका. जुन्या गन्सने हे गाणं कधीच केलं नसतं. नव्या लाइनअपचा खरा उपयोग तिथे झालाय असं मला वाटतं.

———

मला २०१६ नंतरचं बोलायचंय. स्लॅश आणि डफ परत आले तेव्हा जुन्या चाहत्यांना वाटलं, आता हा अल्बम अडगळीत जाणार. झालं उलटच. त्यांच्या दौऱ्यांत 'चायनीज डेमॉक्रसी', 'बेटर', 'धिस आय लव्ह' वाजत राहिली, आणि गिटार स्लॅशच्या हातात. ज्याच्या गैरहजेरीवरून इतकी वर्षं वाद घातला, तोच ती गाणी वाजवतोय.

'बेटर'मध्ये स्लॅश आला की गाणं जड होतं, खाली बसतं. फिंकच्या वाजवण्यात एक अस्वस्थ, टोचणारी गोष्ट होती, ती जाते. 'धिस आय लव्ह'मध्ये मात्र स्लॅश शोभतो, तो ते गाणं आपल्या जुन्या संथ गाण्यांसारखं वाजवतो. म्हणजे माझ्यापुरता निकाल असा की काही गाणी गन्सचीच होती, फक्त गन्सशिवाय रेकॉर्ड झाली, आणि काही गाणी त्या दुसऱ्या लाइनअपचीच आहेत, ती त्यांच्याच हातात ऐकावीत. वर ज्यांनी 'आपसातलं बोलणं नाही' असं लिहिलंय त्यांना विचारतो: 'धिस आय लव्ह' स्लॅशसह ऐकलंत का? आणि ऐकलं असेल तर तेव्हाही ते तुम्हाला गन्सचं वाटलं नाही का?

———

ऐकलं. ते गन्सचं वाटलं. 'रियाड'बद्दलचं मत तेच आहे.