वळवतं कोण, रडर की पंख?

"रडर (शेपटीवरची उभी, हलणारी पट्टी) फिरवला की विमान वळतं, होडीच्या सुकाणूसारखं" असं अनेकदा म्हटलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही. विमान वळतं ते एका अंगाला कलल्यामुळे; पंखांच्या उचल बलाचा काही भाग तेव्हा त्याला आडवा ओढतो. मग रडर कशाला? डावीकडे कलताना उजव्या पंखाचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली जातं. त्या पंखाची उचल वाढते, पण सोबत हवेचा अवरोधही वाढतो आणि नाक चक्क उजवीकडे खेचलं जातं. ते सावरायचं काम रडरचं.

ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, हे डोळ्यांना दिसतं. कॅनॉपीवर (वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर) बाहेरून लोकरीचा धागा चिकटवलेला असतो (हो, महागड्या ग्लायडरवरसुद्धा!). त्याचं मोकळं टोक उजवीकडे गेलं की रडरचं डावं पेडल दाबायचं.