दहावीत नापास झालेलं लेकरू आणि ख्रिस्ती आईबाप

नगरकर: निकालानंतरच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पास झालेल्यांचा सत्कार होतो. यंदा गणित राहिलेला एक मुलगा मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. उपासना सुटल्यावर त्याचे वडील भेटेल त्याला, मुलाच्या तोंडावर, सांगत होते, "यानं आमचं नाक कापलं." माझं मत ठाम आहे. ज्या घरात रोज 'आमची ऋणे आम्हांस सोड' अशी प्रार्थना होते, तिथे हे चालता कामा नये. 35 मार्क पडले नाहीत हे पाप नव्हे. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीही मिळते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात बापांनाच बजावलंय: मुलांना चिरडीस आणू नका, ती खचतील.

वसईचा बाप: अजिबात पटलं नाही. आई पोटाला चिमटा काढून फी भरते, पोरगा क्लास बुडवून मोबाईलवर. त्यालाही मायेने थोपटायचं? येशूच्या दाखल्यातला उधळा पुत्र बापाकडून वाटा घेऊन परदेशी सगळं उडवतो, आणि परत आल्यावर त्याला जवळ घेणाऱ्या बापाचे गोडवे सगळे गातात. पण पोरगा डुकरं राखत त्यांच्या शेंगांवर पोट भरायची इच्छा धरण्यापर्यंत आला तरी त्या बापाने दूरदेशी पैसे धाडले नाहीत. भुकेनेच तो शुद्धीवर आला. आणि बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्राचा 12वा अध्याय वाचा, प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षाही करतो.

नगरकर: शिक्षा करा की, दादा. चारचौघांत अब्रू काढणं ही शिक्षा नव्हे. दाखल्यातला तो पोरगा घरी परतताना वाटेत एक वाक्य ठरवून आला होता, 'मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा.' बापाने ते वाक्य पुरतं होऊच दिलं नाही, आधी झगा मागवला.

संडे स्कूलच्या ताई: मला इथे येशूचा शिष्य पेत्र आठवतो. येशूला धरून नेल्यावर, कोळशाच्या विस्तवापाशी त्याने 'मी याला ओळखत नाही' म्हणत येशूला तीनदा नाकारलं. पुढे योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात, तिबिर्या समुद्राकाठी, पुन्हा कोळशाचाच विस्तव आहे, वर मासळी आणि भाकर. येशू म्हणतो, या, न्याहारी करा. खाणं झाल्यावर मग तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" पेत्र दुःखी होतो, तरी येशू विषय सोडत नाही. लगेच कामही सोपवतो, माझी मेंढरं राख. म्हणून मोबाईल काढून घ्या, अभ्यासाला बसवा, पण आधी जेवू घाला. निकालाच्या रात्री उपाशी झोपलेली मुलं माझ्या वर्गात आहेत.

थोरली लेक: माझंही ऐका. मी रात्र-रात्र जागून चांगले मार्क मिळवले. भाऊ नापास झाला आणि महिनाभर घरात फक्त त्याचाच विषय. त्या दाखल्यातला बाप रुसलेल्या थोरल्या मुलालाही विनवायला अंगणात आला होता, हे व्यासपीठावरून फारसं सांगत नाहीत.

वसईचा बाप: ताई, पेत्राचं पटलं. पण नाकारल्यावर पेत्र ढसाढसा रडला होता. माझा चिरंजीव निकालाच्या संध्याकाळी बॅट घेऊन मैदानावर गेला. पश्चात्तापच नाही तिथे काय करायचं?

नगरकर: मैदानावर गेला म्हणजे त्याला लागलं नाही, असं कशावरून? घरातल्या नजरा चुकवायलाही पोरं बाहेर पडतात. आज रात्री कोणता धडा अडला एवढंच विचारा, आणि उद्या पुरवणीचा फॉर्म भरायला त्याच्यासोबत शाळेत तुम्ही स्वतः जा. क्लास बुडवल्याचा हिशेब त्यानंतर खुशाल मागा, तो मागायलाच हवा.